एकच घोडा नडला

एका घोड्यावर पैसे लावून हरलेला माणूस गप्प असतो. घोडा आपणच निवडलेला, तो मागे पडला, आता बोलायचं काय? पण ज्याने पाच शर्यतींतले पाच घोडे एकाच चिठ्ठीत ओवले आणि त्यातले चार आले, तो हरूनही बोलत सुटतो. "चार आले हो, पाचवा नडला!" ऐकणाराही हळहळतो. पैसे दोघांचेही गेले, पण दुसऱ्याची अक्कल शाबूत राहिली. इंग्लंडात ज्याला अ‍ॅक्युम्युलेटर, लाडाने 'अ‍ॅका', म्हणतात त्या पैजेची खरी किमया मला इथेच दिसते. ती पैसे क्वचित देते, सबब मात्र हमखास देते.

पैज समजायला सोपी आहे. पहिला घोडा जिंकला की मुद्दल आणि नफा मिळून सगळी रक्कम दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, अशी पुढे सरकत जाते. भावांचा गुणाकार होत जातो आणि मधला एक जरी पडला तरी सगळं शून्य. एखादा घोडा पळालाच नाही तर सहसा तेवढा वगळून बाकीची साखळी चालू राहते. समजा, पाच सामने आहेत, प्रत्येकात जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी-निम्मी आणि बुकी प्रत्येकाला दुपटीऐवजी १.९० पट देतो. दहा पौंड लावले तर हाती सुमारे २४७ पौंड येतील. डोळे दिपतात! हिशेबाने मात्र ३२० यायला हवे होते. एकेकट्या पैजेत बुकीचा वाटा शंभरातले पाच असतो. पाच जोडल्या की तो २३ होतो, दहा जोडल्या की ४०. नफ्याबरोबर बुकीचं कमिशनही गुणलं जातं, फक्त ते चिठ्ठीवर छापलेलं नसतं.

आणि शक्यतेचं काय? 'जवळजवळ नक्की' वाटणारे पाच संघ घ्या, प्रत्येकाची ७० टक्के खात्री धरा. पाचही जिंकण्याची शक्यता उरते १७ टक्क्यांच्या आसपास. पाच ठिकाणी एसटी बदलत गावी जायचं म्हटलं तर प्रत्येक गाडी सहसा वेळेवर येते, पण पाचही त्याच दिवशी वेळेवर येतील यावर आपण जेवण सांगून ठेवत नाही. शनिवारी दुपारी तीन वाजता फुटबॉलचे सामने सुरू होतात तेव्हा मात्र शहाणीसुरती माणसं नेमकं हेच करतात.

त्या एका नडणाऱ्या घोड्याचा बंदोबस्त म्हणून इंग्रजांनी पोटपैजा काढल्या. चार घोड्यांची 'यँकी' म्हणजे सहा जोड्या, चार तिकड्या आणि एक चौकडी, अशा अकरा पैजा. सहा घोड्यांच्या ५७ होतात, म्हणून तिचं नाव 'हाइन्झ', त्या सॉसवाल्या कंपनीच्या ५७ प्रकारांवरून. आठांची 'गोलिआथ' २४७ पैजांची. एकाने दगा दिला तरी काहीतरी हाती लागावं, यासाठी माणूस २४७ वेळा पैसे मोजायला तयार होतो. हल्ली कंपन्या विमाही देतात: साखळीतला एकच निकाल चुकला तर लावलेली रक्कम परत, बहुधा पुढच्या फुकट पैजेच्या रूपात. म्हणजे जखमेवर मलम, पण लावायला दुकानातच यायचं. आपल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॅकपॉटची रीत वेगळी. तिथे बुकीचा भाव नसतो. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, क्लबचा आणि सरकारचा हिस्सा जातो आणि उरलेलं पाचही घोडे अचूक सांगणाऱ्यांत वाटलं जातं. पण तिथेही चारवाल्यांसाठी उत्तेजनार्थ बक्षीस आहेच. हळहळीचा मान सगळीकडे राखला जातो.

एक दिवस मात्र असा उजाडला की एकही घोडा नडला नाही. २८ सप्टेंबर १९९६, इंग्लंडातलं अ‍ॅस्कटचं रेसकोर्स. फ्रँकी डेट्टोरी हा जॉकी त्या दिवशी सातही शर्यतींत उतरला होता आणि एकापाठोपाठ एक जिंकत सुटला. वॉल स्ट्रीट, डिफिडंट, मार्क ऑफ एस्टीम... सहा झाले. सातवा फुजियामा क्रेस्ट. सकाळी त्याचा भाव बारास एक होता. पण देशभरच्या दुकानांत 'डेट्टोरीचे सातही' अशा चिठ्ठ्या पडलेल्या. मोठ्या कंपन्यांना घाम फुटला आणि नुकसान आवरायला त्यांनी स्वतःच मैदानावर त्या घोड्यावर पैसे ओतले. भाव दोनास एकवर आला. घोडा तोच, पायही तेच, पाठीवर शर्यतीतलं सर्वांत जास्त वजन आणि समोर दोन मैल.

मैदानावरच्या एका बुकीने हिशेब केला: हा भाव खोटा आहे, या घोड्याची एवढी लायकीच नाही. मग येईल तेवढी रक्कम तो घेत गेला. त्याचा हिशेब चोख होता, आजही कोणी तपासावा. पण फुजियामा क्रेस्ट पहिल्यापासून पुढे राहिला आणि मागून झेपावणाऱ्या घोड्याला जेमतेम मानेच्या अंतराने रोखून जिंकला. सातही मिळून भाव झाला २५,०९५ ला एक. मोरकमच्या एका सुताराने सत्तर पौंडांच्या आत पैसे लावून पाच लाखांवर पौंड नेले. बुकी कर्जात बुडाला, ते फेडण्यात त्याची वर्षं गेली आणि पुढे तो पुन्हा भाव पुकारायला मैदानावर उभा राहिला.

फुजियामा क्रेस्टला उतारवयात डेट्टोरीने आपल्या घरी नेलं. बुकीने नेलं असतं असं वाटत नाही.