कावळा शिवेना

रा. रा. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ यांस,

सा. न. वि. वि.

मायन्याशीच अडलो. कैलासवासी लिहावं, तर आमच्या पतसंस्थेत तिजोरीशेजारच्या मशीनवर तुम्ही अजून मार्चएंडला उभे राहता. चिरंजीव लिहावं, तर तुमचा अंत्यविधी कधीच उरकलाय. मार्च २०१० मध्ये अमेरिकेत, डेन्व्हरला, एका डिझाइन कंपनीने शवपेटी मांडून तुम्हाला निरोप दिला आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने फुलं पाठवली. पोराच्या अंत्यविधीला बापाने फुलं धाडून मोकळं व्हावं, हे आम्ही तरी पहिल्यांदाच पाहिलं.

तुम्ही गेलात (किंवा नाही), पण तुमच्यासारखा सालस स्वभाव ब्राउझरांत पुन्हा होणे नाही. तो तुमच्या घराण्यातलाच. तुमचे थोरले बंधू ५.५ आठवतात. १८ सप्टेंबर २००१ ला निमडा नावाचा संगणक-किडा पाहुणा म्हणून ईमेलने आला. सोबत ‘रीडमी डॉट ईएक्सई’ नावाची फाइल, म्हणजे चक्क प्रोग्राम. पण ईमेलमध्ये तिची ओळख ‘आवाजाची फाइल’ अशी लिहिलेली. आउटलुक एक्स्प्रेस ईमेल दाखवायचं ते तुमच्या बंधूंच्याच डोळ्यांनी. त्यांनी ओळखपत्र वाचलं, गाणं दिसतंय म्हणाले आणि वाजवलं. माणसाने कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती, खालच्या चौकटीत ईमेल नुसतं दिसलं की झालं. लग्नघरात सनईवाला म्हणून शिरलेल्याच्या पेटीत सनई आहे की पहार, हे तुमच्याकडे कुणी बघत नसे. या भोकावरचं ठिगळ मात्र त्याच वर्षी मार्चअखेर निघालं होतं. सहा महिने ते तसंच पडून राहिलं, कारण लावायचं कुणी?

तुम्ही ऑगस्ट २००१ मध्ये जन्मलात आणि हे भोक बुजवूनच आलात, हे मान्य. पण आतिथ्य तेच. ॲक्टिव्हएक्स म्हणजे तर उघडं अन्नछत्र. एखाद्या संकेतस्थळाने प्रोग्राम धाडायचा, तुम्ही ‘बसवू का?’ विचारायचं आणि आम्ही ‘होय’ दाबायचं. विंडोज एक्सपीवर तेव्हा घरोघर सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर, त्यामुळे आत आलेला पाहुणा थेट देवघरापर्यंत. आमच्या कॅशियरच्या पडद्यावर वर चार टूलबार होते. एक हवामान सांगे, एक स्मायली देई, उरलेले दोन काय करत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पान दिसायचं ते खाली उरलेल्या चार बोटांत, गवाक्षातून गल्ली दिसावी तसं. २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ बरोबर पिवळी पट्टी आली, की बाबांनो जरा थांबा. तर आमचा कॅशियर ती पट्टी दिसली की आधी ‘परवानगी द्या’ दाबून मग चष्मा लावायचा.

तुमचा कळस झाला जानेवारी २०१० मध्ये. १२ तारखेला गूगलने जाहीर केलं की चीनमधून आपल्यावर हल्ला झाला आणि आणखी किमान वीस मोठ्या कंपन्याही त्यात सापडल्या. दार कुठलं निघालं? तुमचंच. तुमची खोड अशी की मेमरीतली एखादी जागा रिकामी करायची, पण तिचा पत्ता खिशातच ठेवायचा. मधल्या वेळात तिथे कोण येऊन बसलं हे न बघता त्याच पत्त्यावर जाऊन ‘साहेब, पुढे काय करू?’ असं विचारायचं. तिथे चोर बसलेला. तो सांगेल ते तुम्ही इमानाने केलंत. जर्मनीच्या माहितीसुरक्षा कार्यालयाने तेव्हा लोकांना सांगितलं की तूर्त या घराण्याशी सोयरीक नको. २१ तारखेला ठिगळ आलं.

पण खरं सांगू? तुमच्यावर राग धरवत नाही. प्रतिस्पर्धी ब्राउझर नेटस्केपला हरवल्यावर तुमच्या घरच्यांनी तुमच्याकडे पाठ फिरवली, सातवा भाऊ जन्मायला ऑक्टोबर २००६ उजाडला. आणि आम्ही? आम्ही तुम्हाला मरू दिलं नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रं ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये निघत. तो फॉन्ट पानाबरोबर आपसूक उतरवून घ्यायची हातोटी तुमच्याकडे होती, फायरफॉक्समध्ये त्याच अग्रलेखाची इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. मग मराठी माणसाने करावं काय? सुरक्षित ब्राउझरमध्ये भेळ वाचायची की असुरक्षित ब्राउझरमध्ये अग्रलेख?

पतसंस्थेचं तर विचारूच नका. २००४ साली कर्जखात्याचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलंय: फक्त एक्स्प्लोरर ६ मध्ये चालेल. करणाऱ्याने दुकान बंद केलं, त्याचा फोन लागत नाही. थकबाकीची यादी दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडली तर ‘छापा’ हे बटणच उमटत नाही. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचे म्हणतात, काहीतरी इच्छा राहिली असेल. तुमची इच्छा ती हीच, ते बटण.

१५ जून २०२२ ला तुमचे धाकटे बंधू ११ निवृत्त झाले आणि घराण्याचं नाव संपलं, असं पेपरात वाचलं. दक्षिण कोरियात एकाने तर थडगंही बांधलं. पण तुमच्या घराण्याचं अंगात येणं थांबलेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या नव्या एज ब्राउझरमध्ये एक ‘आयई मोड’ आहे. जुनं पान आलं की एज घुमायला लागतो आणि तुमच्या बंधूंच्या आवाजात बोलतो. हा संचार निदान २०२९ पर्यंत चालू ठेवू, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कळलं की वर्डची एखादी फाइल उघडली तरी आत तुमच्याच घराण्याचं इंजिन जागं होऊन चोराला दार उघडू शकतं, एक्स्प्लोरर स्वतः कुणी चालू न करता.

आमच्या मशीनवर मी एक कागद चिकटवलाय: ‘याला इंटरनेटची वायर लावू नये’. काल पाहिलं तर वायर लावलेली होती. शिपाई म्हणाला, साहेब, वाय-फाय गेलं होतं, मॅच चालू होती.

कळावे.

आपला,
थकबाकी विभाग

ता. क. नव्या सॉफ्टवेअरचं कोटेशन संचालक मंडळापुढे ठेवलं आहे, विषय क्रमांक नऊ. गेल्या तीन सभांत आठव्या विषयानंतर चहा आला.