दोन पावलांवर पाणी

तळ्याकाठी राहायला जायचं, होडीत बसायचं, पाण्यावर हुंदडायचं यावर आमच्या घरात क्षणात एकमत झालं. मुक्काम कुठे करायचा, हे ठरेपर्यंत मात्र डब्यातला दिवाळीचा चिवडा सादळला.

भाच्याला जेट-स्की हवी होती. वहिनींना गरम पाणी हवं होतं आणि ॲटॅच्ड बाथरूम. ॲटॅच्ड म्हणजे खोलीला, इमारतीला नव्हे, ही पुरवणीही त्यांनी जोडली. मेव्हण्यांची अट एकच, गाडी खिडकीतून दिसली पाहिजे. तळं नाही दिसलं तरी चालेल. आणि धाकट्या पुतणीला हवा होता स्विमिंग पूल. समोर डोंगराएवढं पाणी असताना निळ्या फरशीचा हौद कशाला, म्हणून सगळे तिला हसले. ती म्हणाली, "त्यात पोहता येतं." पोरगी बरोबर होती. धरणाच्या पाण्यात उतरू नये, अशी पाटी जागोजागी असते आणि ती उगाच नसते. काठ म्हणजे मुळात दरीचा उतार. दोन पावलं गुडघाभर पाणी, तिसऱ्याला तळ नाही आणि पायाखाली गाळ.

आपण हौसेने तळं म्हणतो, ते महाराष्ट्रात बहुधा धरणच असतं. निसर्गाने दिलेलं एक लोणार आहे, पण ते उल्केच्या खड्ड्यातलं खारं पाणी. तिथे कुणी बनाना राईड मागू नये. विदर्भातले वाचक आता नवेगावबांधचं नाव घेतील. जरूर घ्यावं, पण त्या नावातच बांध आहे. महाबळेश्वरचा वेण्णा तलावही साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतला तो गावाच्या पाण्यासाठी. वल्ही, घोडे, मक्याची कणसं आणि होडीसाठीची रांग ही सगळी नंतरची भर.

धरण म्हटलं की काठ एका जागी राहत नाही. हॉटेलवाल्यांच्या फोटोंत पाणी अगदी व्हरांड्याला लागलेलं दिसतं, कारण ते फोटो सप्टेंबर-ऑक्टोबरातले. गणपतीत अंगणापर्यंत आलेलं पाणी शिमग्याला शेताच्या पल्याड गेलेलं असतं आणि मे महिन्यात ते बघायला भिंगच लागतं. पवनेच्या काठी तंबूवाले 'वॉटर टच' म्हणून वेगळा दर घेतात. तो घ्यायला माझी हरकत नाही, पण तिथीप्रमाणे घ्यावा.

भंडारदऱ्याला इंग्रजांनी १९२६ साली विल्सन धरण पुरं केलं ते प्रवरेच्या कालव्याखालच्या शेतीसाठी. म्हणजे खाली उसाला आवर्तन सुटलं की वर आपल्या बाल्कनीतला देखावा थोडा उतरतो. कोयनेचं तर त्याहून मजेशीर. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी दरवर्षी पश्चिमेकडे वळवता येतं. ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. एरवी ते कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला गेलं असतं. कोयनेच्या विजेची खरी ओढ संध्याकाळी, गावोगावचे दिवे लागतात तेव्हा. आता बघा, तुम्ही 'लेक व्ह्यू' खोलीचे जादा पैसे भरता, आणि दिवेलागणीला बटण दाबून लेक थोडा लांब ढकलता. गीझर लावला तर आणखी. वहिनींना मी हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, लेक जाऊ दे, गीझर राहू दे.

तरी आमचा काटा झुकला तो कोयनेच्याच फुगवट्याकडे, शिवसागराच्या काठच्या तापोळ्याकडे. पवनेला लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे चार किल्ले भोवती उभे आहेत खरे, पण शनिवारी रात्री प्रत्येक तंबूचा स्पीकर वेगळं गाणं म्हणतो आणि किल्ल्यांनाही झोप लागत नसावी. तापोळा महाबळेश्वरहून पंचवीस-तीस किलोमीटर घाट उतरून येतं. तिथे सोळशी आणि कोयना एकमेकींत मिसळतात, आणि जाहिरातीत त्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. महाराष्ट्रात दोन डोंगरांमध्ये पाणी साठलं की ते मिनी काश्मीर होतंच, त्याला इलाज नाही.

पण ते नाव वाचून मला हाऊसबोटी आठवल्या. काश्मीरच्या महाराजांच्या राज्यात गोऱ्या साहेबाला जमीन विकत घेता येत नसे, तेव्हा त्याने पाण्यावरच घर थाटलं, अशी त्यांची जन्मकथा सांगतात. शिवसागरावर उलटं झालं. इथे ज्यांची जमीन होती त्यांच्याच दारात पाणी आलं. कोयनेखाली गेलेल्या गावांतली माणसं कुणी रायगड-ठाण्याकडे गेली, कुणी सांगली-सोलापूरकडे. काहींनी तिथल्या तिथे डोंगर चढून घर वर नेलं. त्यांची रस्त्याने जायची गावं पाण्याने तोडली, म्हणून लाँच ही त्यांची एसटी झाली. आजही तराफ्यावर जीप चढते, शेळी चढते, गॅसची टाकी चढते. आपण सहलीला म्हणून मोजतो ती फेरी त्यांची बाजाराची.

म्हणून मुक्कामाबाबत माझं मत बनलं ते असं की, राहायचं तर वर सरकलेल्या त्या घरांपैकी एखाद्यात, उताराच्या मधोमध. पाण्याला फार खेटून नको. धक्क्याजवळच्या खोलीत भल्या पहाटे डिझेलचं इंजिन उशाशी सुरू होतं, कारण वासोट्याला जाणारे लवकर निघतात. किल्ला अभयारण्यात आहे, तिथे रात्री राहता येत नाही, दिवस मावळायच्या आत परतावं लागतं. फार वरही नको, कारण आत्यांचे गुडघे. 'पाणी शंभर पावलांवर' असं कुणी म्हणालं की ती पावलं कुठल्या महिन्यातली आणि उतरतीची की चढतीची, हे विचारून घ्यावं.

वल्ह्याची होडी किंवा कयाक हवी असेल तर सकाळ गाठावी. दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात आणि वल्हवणारा आहे तिथेच घाम गाळत राहतो. माझी होडीवाल्याची परीक्षा साधी आहे. लाईफ जॅकेटचे पट्टे तो स्वतः आवळून देतो का आणि वारा वाढला की गिऱ्हाईक परत पाठवतो का. "काय होत नाय, साहेब, बसा" म्हणणाऱ्याच्या होडीत मी बसत नाही, मग ती कितीही रंगीत असो. जॅकेटला मागच्या प्रवाशाचा वास असतो, तो सोसावा.

अखेर मीच एका घरी फोन लावला. पलीकडून एक मावशी बोलल्या. मी विचारलं, पाणी किती लांब आहे?

"कंदी येताय?"

"जानेवारीत."

"मग हाय की हितंच, खालच्या वावरात. पोरं आंब्यापातूर होडी आणत्यात."

मी जेट-स्कीचं विचारलं. ती पलीकडच्या धक्क्यावर मिळते म्हणाल्या, लई वरडती. गरम पाणी बंबातलं. पार्किंग वरच्या रस्त्याला, तिथून खाली चालत. मेव्हण्यांना हे कुणी सांगायचं, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात मावशींनी त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं काय ते विचारलं. "मान्सं किती? आन भाकरी तांदळाची लावू का नाचणीची?"

आठ, म्हटलं. आणि दोन्ही.