टकलाची 'गॅरंटी' कुणी देऊ नये

औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्या नियमांना 'अनुसूची जे' नावाची यादी जोडलेली आहे. कर्करोग, अंधत्व, एड्स यांच्याबरोबर तिच्यात टक्कल आहे, नवे केस उगवणं आहे आणि अकाली केस पिकणंही आहे. यादीतला विकार आमच्या औषधाने बरा होतो किंवा टळतो असा दावा कुणी करायचा नाही, असं नियम 106 बजावतो. आणि एसटी स्टँडच्या भिंतीपासून हातातल्या मोबाइलपर्यंत काय दिसतं? 'टकलावर हमखास केस, शंभर टक्के गॅरंटी!' नियम आहे, यादी आहे, अन्न व औषध प्रशासन आहे. कारवाई कुठे आहे?

मार्च 2025 मध्ये पंजाबातल्या संगरूरला टक्कल घालवण्याचं शिबिर भरलं. डोक्याला तेल चोळून घेतलेली साठाहून अधिक माणसं लाल, सुजलेले डोळे घेऊन दवाखान्यात पोचली. त्यांना हसू नका. स्थळ बघायला आलेली माणसं आपल्याकडेही मुलाच्या कपाळाकडे आधी बघतात. पंचविशीतल्या त्या मुलाची भीती खरी असते, आणि नेमकी तीच बाटलीत भरून विकली जाते.

पुरुषांचं नेहमीचं टक्कल बोअरच्या पाण्याने पडत नाही, हेल्मेटनेही नाही. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार होतं. ज्यांना आनुवंशिक कल आहे त्यांच्या कपाळावरची आणि टाळूवरची केसांची मुळं त्याच्यामुळे आक्रसत जातात. प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड. कांद्याचा रस ही प्रक्रिया थांबवत नाही.

भक्कम पुरावा असलेली औषधं मुख्यतः दोन, आणि दोन्ही जुनी. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ती टाळूला लावून पाहिली गेली आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्या वापराला मान्यता मिळाली. फिनास्टेराइड आलं प्रोस्टेटच्या उपचारातून. तिथे मात्रा 5 मिलिग्रॅमची. केसांसाठीच्या 1 मिलिग्रॅमच्या गोळीला 1997 मध्ये मान्यता मिळाली. ती थेट त्या संप्रेरकाचीच निर्मिती कमी करते. दोन्हींच्या जेनेरिक आवृत्त्या आपल्याकडे मिळतात. मात्र मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात, आणि घाबरून माणसं तिथेच बाटली फेकतात. फरक दिसायला महिने लागतात. औषध थांबवलं की कमावलेले केस जातात. हे आधी सांगणारा डॉक्टर प्रामाणिक.

फिनास्टेराइड मनाने घेऊ नका. काहींची कामेच्छा कमी होते, ताठरतेच्या तक्रारी येतात. आत्महत्येचे विचार हाही या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2025 मध्ये मान्य केलं. मन उदास राहू लागलं तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना भेटा. आणखी एक गोष्ट, जी क्वचितच कुणी सांगतं: या गोळीने रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचं प्रथिन साधारण निम्म्यावर येतं. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासायला त्याचीच चाचणी करतात. पन्नाशीच्या पुरुषाने आपण ही गोळी घेतो हे सांगितलं नाही, तर आकडा फसवा दिलासा देतो.

राहिलं केशप्रत्यारोपण. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस त्या संप्रेरकाला सहसा बधत नाहीत आणि पुढे लावले तरी तसेच राहतात, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेन्ट्राइक यांनी 1959 मध्ये मांडलं. सगळी शस्त्रक्रिया यावरच उभी आहे. पण तिच्यात नवा केस निर्माण होत नाही, आहे तोच जागा बदलतो. मागचा साठा मर्यादित, आणि आजूबाजूचे मूळचे केस गळतच राहतात. म्हणून प्रत्यारोपणानंतरही बहुतेकांना औषध घ्यावंच लागतं. पॅकेज विकणारे हे कितीदा सांगतात?

ही सलूनमधली सेवा नव्हे. सुई आहे, भूल आहे, जंतुसंसर्गाचा धोका आहे. आपल्या देशात या शस्त्रक्रियेनंतर माणसं दगावली आहेत. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून मिळवलेलं शिक्षण यासाठी पुरेसं नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लेखी सांगावं लागलं. असं सांगायची वेळ येते यावरूनच परिस्थिती ओळखा.

तेव्हा आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. शस्त्रक्रिया ठरलीच, तर भूल कोण देणार, छेद कोण घेणार आणि काही बिघडलं तर तिथे कोण असणार, हे विचारा. डॉक्टरचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक कागदावर मागा. द्यायला कुणी कचरलं, तर एक रुपयाही आगाऊ न देता बाहेर पडा.