मनगटराव वेळेवर येत नाहीत

मनगटरावांची ओळख करून द्यायला नको. औंढ्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात, हिंगोलीच्या मोंढ्यात, वसमतच्या एखाद्या मंगल कार्यालयात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर ते तुम्हाला दिसलेलेच आहेत. कडक इस्त्रीचा पांढरा लिनन, बाह्या मुद्दाम एक घडी जास्त दुमडलेल्या आणि डाव्या मनगटावर चटणीच्या वाटीएवढं घड्याळ. चहाचा कप ते डाव्या हातात धरतात. कुणाच्या खांद्यावर हात टाकायचा झाला तर डावाच टाकतात. सत्काराचा नारळ घेताना फोटोग्राफरच्या बाजूला कोणता हात यायला हवा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आणि एवढं सगळं करून कुणी सहज 'भाऊ, किती वाजले?' असं विचारलं, की मनगटराव उजवा हात खिशात घालतात, मोबाइल काढतात आणि त्यात पाहून वेळ सांगतात.

महागड्या घड्याळाचं सगळं शास्त्र या एका लकबीत आहे. वेळ पाहायला ते घेतलेलंच नसतं. मग कशाला? 'मिजास, दुसरं काय' हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं. मिजास दाखवायला गळ्यात गोफ आहे, दारात फॉर्च्युनर आहे, बंगल्याच्या कमानीवर 'आईची कृपा' आहे. मराठवाड्यात पैसा दाखवायच्या वाटा कमी नाहीत. तरी हे सगळं झाल्यावर माणसाला घड्याळच हवं होतं, याला काही कारण असणार. माझं म्हणणं असं, की गोफ पैसा दाखवतो आणि घड्याळ हक्क दाखवतं. माझ्यासाठी लोक थांबतात, मी कुणासाठी थांबत नाही, हा तो हक्क. ज्याच्या मनगटावर जितकं महाग घड्याळ, त्याला तितका उशीर परवडतो.

पुरावा हवा तर लग्नाला जा. पत्रिकेत मुहूर्त छापलेला असतो, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी. पस्तीस, छत्तीस नाही. पूर्वी या कामाला घटिकापात्र असायचं. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. त्या वाटीला आमदार कळत नव्हता, सभापती कळत नव्हता. भरली की बुडायची. आता मुहूर्त माइकवाल्याच्या हातात आहे. 'भाऊंचं आगमन होताच मंगलाष्टकांना सुरुवात होईल, वऱ्हाडी मंडळींनी जागा सोडू नये.' भाऊंना फोन लावला की उत्तर ठरलेलं, 'हाव हाव, निघालोच, पाच मिनिटांत पोचतो.' ही पाच मिनिटं पावणेदोनपर्यंत पुरतात. मांडवात कोण केव्हा आलं, ते जरा बघा. आचारी पहाटेच आले, त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. बँडवाले दहाला आले, त्यांच्या हातात दोनशे रुपयांचं होतं. मुलीचे मामा अकराला, टायटन. मनगटराव सर्वांत शेवटी येतात, स्टेजवर चढतात, नवरदेवाच्या खांद्यावर डावा हात ठेवतात, 'उशीर तर नाही झाला ना?' असं विचारतात आणि खात्री करून घ्यायला मोबाइल काढतात.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. एके काळी घड्याळ असलेला माणूस म्हणजे वेळेला बांधलेला माणूस. गार्ड, स्टेशनमास्तर, हेडमास्तर, कोर्टाचे कारकून यांच्याकडे घड्याळ असे, कारण त्यांना उशिराचा जाब विचारणारं कुणीतरी वर बसलेलं असे. मनगटी घड्याळ तर युरोपातही आधी बायकांचा दागिना मानलं जाई. पुरुष खिशातलं वापरत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायची सवड नव्हती, तेव्हा ते पुरुषांच्या मनगटावर कायमचं चढलं. (शंभर वर्षांत प्रगती एवढीच, की मनगटराव पुन्हा खिशात हात घालू लागले.) आपल्याकडे १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना जपानी सिटिझनच्या मदतीने सुरू झाला आणि 'जनता' नावाचं घड्याळ खरोखरच जनतेच्या हातात आलं. मास्तर, तलाठी, कंडक्टर रोज सकाळी त्याला चावी देत. त्याच १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदाही आला, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जावयांनी सासऱ्याकडून घड्याळ, सायकल आणि रेडिओ वाजवून घेतला. मनगटरावांचं मूळ मी या जावयात शोधतो. त्याला कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं. घड्याळासाठी अडून बसलेला जावई सगळा मांडव खोळंबून ठेवू शकतो, हे त्याने पहिल्यांदा सिद्ध केलं.

पुढचा धक्का तंत्राने दिला. १९६९ च्या नाताळच्या दिवशी जपानच्या सेकोने क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. सुरुवातीला त्याची किंमत एखाद्या मोटारीएवढी होती, पण दहा-पंधरा वर्षांत क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडचे कारखाने धडाधड बंद पडले. आपल्याकडे १९८७ मध्ये टायटन आलं आणि चावी द्यायचं कामच संपलं. आता हिशेब पाहा. साधं क्वार्ट्झ महिन्याला साधारण १५ सेकंद इकडेतिकडे होतं. अधिकृत प्रमाणपत्र मिळवलेल्या उत्तम स्विस यांत्रिक घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जायची मुभा असते, म्हणजे महिन्याला दोन-तीन मिनिटं. अचूकतेच्या परीक्षेत लाखाचं घड्याळ बँडवाल्याच्या दोनशेवाल्याकडून हरतं. स्विस लोक हुशार. हरलेली स्पर्धा त्यांनी सोडून दिली आणि वेळ विकण्याऐवजी थाट विकायला घेतला. जाहिरातीतलं घड्याळ म्हणूनच कायम दहा वाजून दहा मिनिटांवर उभं असतं. आपल्या राज्यातल्या एका पक्षाच्या चिन्हातलंही तसंच उभं आहे. ते कुणाचं यावरून भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण त्यात वाजले किती, हे कुणीच विचारलं नाही.

अजूनही शंका असेल तर एक उदाहरण असं आहे की ते रचून लिहिलं असतं तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं. गांधीजी वेळेचे इतके कडक, की ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी वल्लभभाईंशी बोलण्यात प्रार्थनेला दहा मिनिटं उशीर झाला तर ते अस्वस्थ झाले होते. त्यांचं खिशातलं झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी यांचा मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला. अठरा लाख डॉलरची बोली लावून ते सगळं घेतलं विजय मल्ल्या यांनी. मार्च २०१६ मध्ये मल्ल्या देश सोडून गेले आणि बँका थकबाकीची वाट पाहत राहिल्या. वेळ पाळणाऱ्याचं घड्याळ वाट पाहायला लावणाऱ्याने विकत घ्यावं, यापेक्षा स्वच्छ पुरावा माझ्याकडे नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते अगदीच टाकाऊ नाहीत. पहिला असा, की पुरुषाला दागिना तो काय, एक घड्याळच; त्यालाही नावं ठेवणार? हा युक्तिवाद पुण्यात चालेल. आमच्याकडे पुरुषाच्या अंगावर गोफ, कडं आणि चार अंगठ्या असतात, त्यातली एक पुष्कराजाची. दुसरा आक्षेप कारागिरीचा. शे-दीडशे सुटे भाग, केसासारखी स्प्रिंग, बॅटरीशिवाय चालणारं यंत्र, त्याची किंमत नको? हवी, आणि ज्याला त्या यंत्राचं प्रेम आहे त्याच्यापुढे मी हात जोडतो. तो ओळखायचा कसा, तेही सांगतो. तो घड्याळ मनगटावरून काढून, उलटं करून, मागच्या काचेतून आतली चाकं दाखवतो. मनगटराव ते कधीच काढत नाहीत. शिवाय त्यांच्याकडे जे असतं ते पुष्कळदा 'फर्स्ट कॉपी' असतं. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं आणि बाहेर कळू नये अशी इच्छा असते. पण गंमत अशी, की नकली घड्याळावरही लोक तितकेच थांबतात, म्हणजे थांबवण्याची ताकद घड्याळाच्या यंत्रात नसून थांबणाऱ्यांच्या सवयीत आहे. तिसरा आक्षेप गुंतवणुकीचा, 'याचा भाव वाढत असतो.' काही मोजक्या मॉडेलांचा वाढतो, हे खरं. तो आज किती झाला, हेही मनगटराव मोबाइलमध्येच पाहतात.

चौथा आक्षेप वयाचा, आणि तिथे मात्र मला थोडं नमतं घ्यावं लागतं. विशीतल्या पोराला महागडं घड्याळ हवं असतं ते लोकांनी आपल्याला मोठं समजावं म्हणून. पंचेचाळिशीत ते लोकांनी थांबावं म्हणून लागतं. पण सत्तरीतले मनगटराव कुणी नीट पाहिले आहेत का? सोसायटीची चेअरमनकी गेली, पंचायत समितीत आता पुतण्या आहे. पत्रिका अजून येते, पण 'आगमन होताच' वगैरे आता पुतण्यासाठी. म्हणून साडेअकरालाच ते मांडवात येऊन बसतात. मनगट बारीक झाल्याने पट्ट्याचे दोन दुवे काढले, तरी घड्याळ गोल फिरून तळव्याकडे जातं. मोबाइलची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते वेळेसाठी मनगटाकडे पाहतात, तर काटे थांबलेले. हे ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चावी भरून घेतं, आणि आता तो हात पूर्वीसारखा कुणाच्या खांद्यावर पडत नाही. मग शेजारी बसलेल्या बँडवाल्याला ते विचारतात, 'किती वाजले रे?' आणि बँडवाला, ज्याने यांच्यासाठी तीस वर्षं सनई थांबवून धरली, मुकाट्याने वेळ सांगतो.

आणि ही हौस आली कुठून, तेही बघायला हवं. मनगटरावांचे वडील जन्मभर थांबले. तहसीलच्या पायरीवर सातबाऱ्यासाठी, बँकेत पीककर्जासाठी, फाट्यावर एसटीसाठी. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात आजही हंगामात मापासाठी गाड्यांची रांग लागते आणि शेतकरी गाडीखाली अंथरूण टाकून रात्र काढतो. त्या अंथरुणावर मनगटरावही लहानपणी झोपलेले आहेत. नंबर केव्हा लागेल हे साहेब ठरवणार, आणि साहेबाच्या हातात घड्याळ. पोराने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. चुकीचा काढला, पण का काढला ते समजतं, आणि समजलं की त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

खरं तर हा अर्थ औंढ्यात तरी टिकायला नको होता. नामदेवांना कीर्तनासाठी देवळासमोरून उठवून मागे पाठवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी इथली कथा आहे. मागे बसवलेल्या माणसाकडे देवाने तोंड फिरवलेलं हे गाव, आणि त्याच गावात पहिल्या रांगेतले सोफे राखीव. नागनाथाचा गाभाराही कुणाचा थाट राखत नाही. तो खाली तळघरात आहे, अरुंद पायऱ्यांनी अंग चोरून, दोन्ही हात दगडाला टेकत उतरावं लागतं. त्यावेळी मनगटराव घड्याळ काढून मुलाकडे देतात. श्रद्धेपोटी नव्हे, काचेला चरा पडेल म्हणून. पण काढतात.

आता औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि उपग्रहांवरच्या अणुघड्याळांशी जुळवलेली वेळ. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशा दोन केंद्रांवर गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली गेली, तेव्हा एका केंद्रानंतर दुसऱ्यावर ती सेकंदाच्या सात सहस्रांशाने पोचली, आणि तेवढ्या फरकावरून ती आकाशातल्या साधारण कोणत्या बाजूने आली याचा अंदाज बांधता आला. दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली ती लहर सुमारे १३० कोटी वर्षं वाटेत होती. दुधाळ्याचं केंद्र पुरं होईल तेव्हा उद्घाटनाची पत्रिका निघेल, तीवर वेळ छापली जाईल, मांडव पडेल, सोफे लागतील. मनगटराव निघालेले असतील. शास्त्रज्ञांनी काळजी करू नये; ते यंत्र कृष्णविवरांची नोंद घेतं, प्रमुख पाहुण्यांची नाही.