ओटीतलं कापड

हळदीकुंकवाला मिळालेला ब्लाउजपीस शिवायचा नसतो, पुढच्या हळदीकुंकवाला देऊन टाकायचा असतो. तो मूळ मालकिणीकडेच परत जाऊ नये, एवढीच काय ती खबरदारी. २०२०च्या एप्रिलमध्ये या फिरस्त्या कापडांना पहिल्यांदा मुक्काम मिळाला. करोनाच्या साथीमुळे केंद्र सरकारने घरच्या घरी मास्क शिवायला सांगितलं, मुंबईत ८ तारखेला तो सक्तीचा झाला आणि आमच्या काकूंनी पायमशीनवरचं झाकण काढलं.

काकूंची परीक्षा कडक. पीस ट्यूबलाइटसमोर धरायचा; उजेड आरपार दिसला की बाद. जॉर्जेट, शिफॉन, सगळी नटवी मंडळी पहिल्याच फेरीत गळाली. उरला तो घट्ट विणीचा सुती ‘टू बाय टू’, कुठल्याच साडीवर न जाणाऱ्या रंगाचा. दुकानं बंद, इलॅस्टिक मिळेना, म्हणून परकराच्या नाड्या कामी आल्या. चष्म्यावर वाफ धरते अशी काकांची तक्रार आली, तेव्हा नाकाच्या जागी तारेचा तुकडा शिवला. तक्रार काही थांबली नाही. पण तीन पदरांतून ती नीटशी ऐकू येईना. काकूंच्या मते मास्कचा खरा गुण हाच.

जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तीनच पदर सांगितले. आत ओल शोषणारं सुती, बाहेर पाणी न धरणारं कापड आणि मधे न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन. हे मधलं म्हणजे साडीच्या दुकानातून मिळायची ती पिशवी! २०१८च्या प्लास्टिकबंदीत तिच्यावर बंदी आली होती. काकूंच्या गादीखाली अर्थातच ती घडी घालून होती.

पुढे बांगलादेशातल्या ६०० खेड्यांत मोठी चाचणी झाली. सर्जिकल मास्कचा उपयोग तिच्यात स्पष्ट दिसला, कापडी मास्कबद्दल मात्र तसं छातीठोकपणे म्हणता येईना. मला त्याचं फार नवल वाटलं नाही. खोकल्या-शिंकेचे मोठे तुषार कापड अडवतं, बारीक कण मात्र बरेच निसटतात. त्यातून काका तो हनुवटीला लावत. शिवाय घालणाऱ्यापेक्षा समोरच्याचाच फायदा जास्त, हेही मी काकूंना समजावून सांगितलं.

“मग बरंच की,” काकू दोरा दातांनी तोडत म्हणाल्या. “शेजारणीला चार दिलेत. तिने रोज घातले म्हणजे आपलं भागलं.”