कैलासवासी बेवड्यांचा वकील

डॉक्युमेंटरीच्या बाजारात एक गृहस्थ दरवर्षी न चुकता भेटतात. सोयीसाठी त्यांना पिचकर म्हणू. हे आडनाव नव्हे, धंदा आहे. ॲमस्टरडॅमच्या ‘इडफा’ महोत्सवातला फोरम असो, शेफील्डचं ‘मीटमार्केट’ असो की टोरांटोचा ‘हॉट डॉक्स’, निरनिराळ्या वाहिन्यांचे कमिशनिंग एडिटर पाण्याच्या बाटल्या पुढ्यात घेऊन बसलेले असतात आणि आपल्या चित्रपटाला पैसे का द्यावेत हे पिचकरांनी त्यांना जेमतेम काही मिनिटांत पटवायचं असतं. बाकीचे उमेदवार वितळणारे हिमनग, बुडणारी बेटं आणि निर्वासितांच्या छावण्या घेऊन आलेले असतात. पिचकर घेऊन येतात एक मेलेला नट. नट इंग्लिश, आयरिश किंवा वेल्श असतो. साठ-सत्तरच्या दशकांत त्याचा चेहरा जगभर ओळखला जाई. आणि तो प्यायचा. नुसता प्यायचा नाही, पिऊन दंगा करायचा. रिचर्ड बर्टन, रिचर्ड हॅरिस, पीटर ओटूल आणि ऑलिव्हर रीड हे या पंथातले चार मानाचे. रॉबर्ट सेलर्स यांनी २००८ मध्ये या चौघांवर मिळून ‘हेलरेझर्स’ नावाचं पुस्तकच काढलं, तेव्हापासून पिचकरांना संशोधनाचा त्रास उरला नाही. स्वतः पिचकर मात्र ओट मिल्कची कॉफी पितात, पहाटे उठून धावतात आणि हॉटेलात बिल वाटून घेताना आपला वाटा सुट्ट्या पैशांसकट मोजून देतात. कुणाच्या अंगावर ग्लास फेकणं तर दूरच, वेटरला दुसऱ्यांदा हाक मारायलाही त्यांना संकोच वाटतो.

त्यांचं सादरीकरण जवळून पाहण्यासारखं असतं. नट ऑलिव्हर रीड आहे असं धरू. दिवे मंद होतात आणि दीड मिनिटाचा टीझर सुरू होतो. ‘थ्री मस्केटिअर्स’मधली तलवारबाजी, ‘विमेन इन लव्ह’मधली ॲलन बेट्सबरोबरची ती विवस्त्र कुस्ती, आणि मग हमखास १९९१ चा ‘आफ्टर डार्क’. चॅनल फोरवरच्या या थेट चर्चेत विषय होता पुरुषांची हिंसा, समोर होत्या स्त्रीवादी लेखिका केट मिलेट, आणि रीडसाहेब तर्र होऊन आले होते. टेबलाभोवती हशा पिकतो. दिवे लागतात. पिचकर क्षणभर थांबतात, आवाज दोन पट्ट्या खाली आणतात आणि म्हणतात, ‘खरं तर हा चित्रपट दारूबद्दल नाहीच.’ मग कशाबद्दल? एकाकीपणाबद्दल, बापाबद्दल, युद्धानंतरच्या ब्रिटनबद्दल, पुरुषत्वाच्या पेचाबद्दल. यादी समोरच्या वाहिनीचं धोरण बघून ठरते. एडिटरांचा ठरलेला प्रश्न येतो, ‘पण आत्ताच का?’ पिचकरांचं ठरलेलं उत्तर तयार असतं. मृत्यूला पंचवीस वर्षं झालेली असतात किंवा जन्मशताब्दी दृष्टिपथात असते, आणि कुणाच्या तरी माळ्यावर कधीही न ऐकलेल्या टेप सापडलेल्या असतात. टेपमध्ये काय आहे हे कुणी विचारत नाही. टेप सापडणं महत्त्वाचं.

या गृहस्थांची टिंगल सोपी आहे, पण त्यांना लबाड म्हणणं अन्यायाचं होईल. ते खरोखरच त्या नटाच्या प्रेमात असतात. चमत्कार एवढाच, की ज्याच्या अभिनयाच्या ते प्रेमात आहेत त्याचा अभिनय सोडून बाकी सगळं ते दाखवतात. याला त्यांची अभिरुची जबाबदार नाही, जबाबदार आहे त्यांचं अंदाजपत्रक. दारू स्वस्त पडते आणि अभिनय महाग. गाजलेल्या चित्रपटातला एक प्रसंग वापरायचा तर स्टुडिओची परवानगी आणि मिनिटाच्या हिशेबाने पैसे, पार्श्वसंगीताचा हक्क वेगळा, आणि त्याच चौकटीत दुसरा नट असेल तर कधी त्याचीही संमती. उलट जुन्या मित्राने सांगितलेल्या किश्शाला लागतं काय? एक खुर्ची, एक दिवा आणि कॉलरला लावायचा माइक. शिवाय इंग्लंडच्या कायद्यात मृताची अब्रुनुकसानी होत नाही, त्यामुळे किस्सा कितीही चढवला तरी दावा लावायला कोणी येत नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. दंग्याची बातमी होते, तालमीची होत नाही. रीडचे आजोबा हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी १९०४ मध्ये लंडनला अभिनयाची शाळा काढली, तीच आजची ‘राडा’. नातू मात्र कुठल्याही नाट्यशाळेत न जाता एक्स्ट्रा म्हणून कॅमेऱ्यासमोर उभा राहत शिकला. चित्रपटाला ही एकच गोष्ट पुरली असती. पण घोळक्यात उभ्या असलेल्या पोराकडे कॅमेरा कोण वळवणार? पुढे तोच माणूस पबमध्ये टेबलावर चढला तेव्हा मात्र छायाचित्रकार हजर होते. चरित्र असं उपलब्ध पुराव्यावर बेतलं जातं, आणि पुरावा नेमका आडवं पडण्याच्या घटकेचाच उरतो.

तो पुरावा तरी कितपत खात्रीचा? रीडच्या १९८५ च्या लग्नाआधीच्या दोन दिवसांच्या पानोत्सवाची कथा प्रसिद्ध आहे. त्यात त्याने रिचवलेल्या बिअरचे पाइंट सांगणाऱ्यागणिक बदलतात. कुणी १०४ म्हणतं, कुणी १०६, आणि उत्साही मंडळी १२६ पर्यंत पोचतात. खुद्द रीडने पुढे खुलासा केला होता, की मूळ घटना बऱ्याच वर्षांपूर्वीची आणि हकिगत भरपूर फुगवलेली. हा खुलासा पिचकरांच्या टीझरमध्ये कधी येत नाही, कारण त्याला हशा पडत नाही. ‘आफ्टर डार्क’चं प्रक्षेपण मध्येच काही वेळ बंद पडलं ते रीडने काही फोडलं म्हणून नव्हे, तर वाहिनीच्या वरिष्ठांच्या नावाने कुणीतरी थापेबाज फोन केला म्हणून. म्हणजे त्या रात्रीचा अर्धा गोंधळ शुद्धीत असलेल्या माणसांनी घातला होता. मुळात ही चौकडी काही भोळी नव्हती. मुलाखतीला बोलावणाऱ्याला काय हवंय हे त्यांना नेमकं कळत होतं, आणि ते ती भूमिकाही चोख वठवत होते. पिचकर विकतात ती दंतकथा त्यांच्या आधी नटानेच विकलेली असते. तो पहिला विक्रेता, हे दुसरे. फरक इतकाच की त्याला लगेच पैसे मिळत.

आता पुराव्याची दुसरी बाजू पाहू. रीडच्या नावावर साठाहून अधिक चित्रपट आहेत. चित्रपटाच्या धंद्यात विमा कंपनी नावाची एक अत्यंत रुक्ष संस्था असते, आणि जो नट सकाळी सेटवर उगवत नाही त्याच्यावर ती दुसऱ्यांदा पैसा लावत नाही. केन रसेलसारखा दिग्दर्शक बीबीसीच्या काळापासून ‘द डेव्हिल्स’ आणि ‘टॉमी’पर्यंत त्याच माणसाला पुन्हापुन्हा बोलावतो, ते त्याच्याबरोबर प्यायला मजा येते म्हणून नसावं. यातली गंमत अशी, की रसेलच्या १९६५ च्या ‘द डेब्युसी फिल्म’मध्ये एक चित्रपट-चमू संगीतकार डेब्युसीवर चित्रपट करतोय, आणि डेब्युसीचं काम करणारा नट झालाय रीड. कलावंतावर चित्रपट काढणाऱ्यांची फजिती या माणसाने साठ वर्षांपूर्वीच पडद्यावर करून ठेवली होती. पिचकरांनी तो पाहिला असता तर त्यांचा पुष्कळ खर्च वाचला असता.

शेवटही तपासून घ्यावा. २ मे १९९९ रोजी, ‘ग्लॅडिएटर’चं चित्रीकरण चालू असताना, माल्टातल्या व्हॅलेटा शहरात एका पबमध्ये खलाशांबरोबर पिऊन, पंजा लढवून रीड कोसळला तो गेलाच. पिचकरांच्या प्रत्येक प्रस्तावाचं हे शेवटचं पान. पण तो दिवस रविवार होता, सुट्टीचा. हे त्या पानावर नसतं. राहिलेले प्रसंग निर्मात्यांनी दुसऱ्याच्या धडावर संगणकाने त्याचा चेहरा बसवून पुरे केले, चित्रपट त्याच्या स्मृतीला अर्पण केला आणि त्या कामासाठी त्याला मरणोत्तर बाफ्टा नामांकन मिळालं. मेल्यावरही ज्याने काम अर्धवट सोडलं नाही, त्याची ओळख बेभरवशाचा माणूस म्हणून करून दिली जाते.

ओटूलचं उदाहरण पिचकरांना आणखी गैरसोयीचं. मोठ्या आजारपणानंतर १९७५ च्या सुमारास त्याने दारू सोडली आणि तो गेला २०१३ मध्ये. मधल्या अडतीसेक वर्षांना प्रस्तावात सहसा एक ओळ मिळते. पण त्याच्या आठ ऑस्कर नामांकनांपैकी तीन याच काळातली आहेत, आणि त्यातलं एक १९८२ च्या ‘माय फेव्हरिट इयर’साठी. त्यात त्याने काम केलं होतं एका झिंगलेल्या, दंगेखोर, उतारवयाला लागलेल्या सिनेनटाचं. दारूड्याची त्याची गाजलेली भूमिका अशी कोऱ्या शुद्धीत केलेली आहे. झोकांडी कुठे जायची, शब्द कुठे अडखळायचा आणि डोळ्यांतली ऐट कुठवर टिकवायची, हे सगळं मोजून-मापून. पडद्यावरची झिंग हे कसब आहे आणि पबमधली झिंग हा अपघात, एवढा साधा भेद या एका चित्रपटाने सिद्ध होतो, आणि पिचकरांचा धंदा तो भेद पुसण्यावर चालतो.

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकायला हवेत. पहिला असा की ही माणसं खरोखर पीत होती, आणि ते सांगायचं टाळणं म्हणजे सारवासारव. कबूल. बर्टन ५८ व्या वर्षी गेला, रीड ६१ व्या. या आकड्यांत विनोद नाही. पण पिचकर दारू सांगतात कुठे? ते आधी तिची मजा विकतात आणि नंतर तिचीच सबब सांगतात. सकाळी हँगओव्हर काढणारी बायको, रात्री बापाच्या पावलांचा अंदाज घेणारी मुलं, दंगा झाल्यावर फरशी पुसणारा पबचा पोऱ्या ही माणसं टीझरमध्ये बसत नाहीत. आणि हीच दारू एखादी नटी प्यायली असेल तर तिला कुणी ‘दंगेखोर’ म्हणून कौतुकाने मिरवत नाही; तिचा प्रस्ताव पहिल्या ओळीपासूनच शोकांतिका असतो. दंग्यातली ऐट फक्त पुरुषांच्या खात्यावर जमा होते. म्हणून दारू वगळावी असं म्हणणं नाही. तिचा हिशेब पुरा द्यावा, इतकंच.

दुसरा आक्षेप खुद्द पिचकरांचा: प्रेक्षकांना हेच हवं असतं. पण प्रेक्षकांना दुसरं काही दिलं तेव्हा त्यांनी तेही पाहिलं आहे. स्टेव्हन रायलीच्या २०१५ च्या ‘लिसन टू मी मार्लन’मध्ये खुर्चीवर बसून किस्से सांगणारं कुणीच नाही, ब्रँडोने स्वतःच ध्वनिमुद्रित केलेल्या टेपवर सगळा डोलारा उभा आहे, आणि तो माणूस अभिनयाबद्दल बोलू लागला की कान टवकारतात. आपल्याकडे अभिनेत्री हंसा वाडकरांनी ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात दारूसकट सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तेव्हा त्यात मिरवणं नव्हतं आणि दयेची याचनाही नव्हती, म्हणूनच श्याम बेनेगलांना त्यातून १९७७ मध्ये ‘भूमिका’ उभा करता आला. मात्र एरवी आपल्याकडचं दुखणं बरोबर उलटं आहे. आपला नट मेला की बाराव्याच्या आत निर्व्यसनी होतो. आपल्या कायद्यातही मृताची बदनामी, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली तर, गुन्हा ठरू शकते. दंड संहितेत ते होतं आणि नव्या न्याय संहितेतही आहे. परिणामी तिकडे श्रद्धांजलीत फक्त बाटली उरते आणि इकडे फक्त हार. काम दोन्हीकडे गायब.

तेव्हा पिचकरांना हाकलून देण्याचं कारण नाही. ज्या नटाचं नाव नव्या पिढीला ‘ग्लॅडिएटर’मधला तो म्हातारा एवढंच आठवतं, त्याच्यासाठी वर्षानुवर्षं देशोदेशीचे उंबरे झिजवणारा दुसरा माणूस जगात नाही. फक्त कमिशनिंग एडिटरांनी ‘आत्ताच का?’ हा प्रश्न सोडून ‘त्याचं काम कुठे आहे?’ असं विचारावं, आणि पिचकरांनी ओटूलचा चित्रपट १९७५ पासून सुरू करून पाहावा: शुद्धीवर आलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक नट, आणि समोर बेवड्याची भूमिका. असल्या चित्रपटाला पैसे कोण देणार, ही शंका रास्त आहे. पण आत्ताही बहुतेक पिचकरांच्या पदरी नकारच पडतो; मग निदान तो नकार एखाद्या चांगल्या चित्रपटासाठी तरी मिळवावा.