काटा इथेही मारतात
आमच्या बारामती-इंदापुरात ऊस काट्यावर चढला की शेतकऱ्याची नजर आकड्यावरून हलत नाही. काटा मारतील ही धास्ती जुनीच. तोच गडी फोनवर ‘मान्य आहे’ दिसलं की न वाचता अंगठा टेकवतो. काटा तिथंही मारतात.

२०१५ साली बंगळुरूच्या एका प्रोग्रामरनं एअरटेलच्या थ्रीजीवर उघडलेल्या पानांत गुपचूप घुसवलेला कोड पकडला. डेटा किती खर्चला ते ग्राहकाला कळावं म्हणून, असा एअरटेलचा खुलासा. लोकांना मात्र जाहिरातीचा वास आला. कोडवाल्या इस्रायली कंपनीनं नोटीस धाडली ती पकडणाऱ्यालाच!

परवा मी फोनवर ठिबकच्या नळ्यांचे भाव पाहिले. तेव्हापासून तिथं नुसत्या ठिबकच्या जाहिराती. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, ते विचारलं तर सगळे गप्प.